कशावरून बाई

आमच्या एम.एड.च्या बाईंना आम्ही 'कशावरून बाई' म्हणायचो. "आज वर्ग लवकर सुटणार वाटतं," असं कुणी नुसतं पुटपुटलं, तरी त्यांच्या हातातला खडू थांबायचा आणि प्रश्न यायचा, "कशावरून?" त्यात खोच नसायची. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, त्यामुळे उत्तर द्यावंच लागायचं.

नव्वदच्या दशकातलं बेलापूर. ऑफिसं सुटून रस्ते ओस पडले की आमचे वर्ग भरायचे. आम्ही सगळेच दिवसभर कुठल्या ना कुठल्या शाळेत शिकवून आलेले. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. उंच, सुती साडी, आवाज खणखणीत. प्रसिद्ध झालेलं संशोधन तपासायचं कसं, हा त्यांचा विषय. निबंध वाचताना त्या 'म्हणून' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढायच्या. "इथं थांबायचं," त्या सांगायच्या. "अलीकडं जे लिहिलंय त्यातनं पलीकडचं निघतं का, एवढंच बघायचं. लेखक केवढा मोठा हाय, ते बघायचं न्हाई." पीएच.डी. झाल्या तरी त्यांचं 'हाय' आणि 'न्हाई' सुटलं नव्हतं. सोडायची त्यांची इच्छाही नव्हती.

त्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केलेले मोठे सर आमचे विभागप्रमुख होते. बाईंची नोकरी तात्पुरती होती आणि ती कायम होणं सरांच्याच हातात होतं. त्या वर्षी सरांचा एक निबंध एका शैक्षणिक नियतकालिकात छापून आला. खाडीकाठच्या गावांतली मुलं आणि नव्या वसाहतीतली मुलं यांच्या भाषेची त्यांनी तुलना केली होती. गावची मुलं भाषेत मागे पडतात, म्हणून त्यांची तुकडी वेगळी करावी आणि त्यांना सोपा अभ्यासक्रम द्यावा, असा निष्कर्ष होता. मी शिकवत होते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी निबंध वाचला आणि जूनपासून दुसरीच्या वर्गाचे दोन भाग करायचे ठरवले. माझ्या वर्गातली कोळ्या-आगऱ्यांची सगळी पोरं एका खोलीत जाणार होती.

मी हे बाईंना सांगितलं. पुढच्या तासाला त्यांनी तोच निबंध वर्गात वाचायला घेतला. सरांच्या निबंधावर बोलायचं कुणी?

"सावंत," सरांना मदत करणाऱ्या आमच्यातल्या एकाला बाईंनी विचारलं, "या चाचण्या घ्यायला तुम्ही होता ना? मुलांना काय विचारलं?"

"चित्रं दाखवली बाई. काय आहे ते ओळखायचं."

"होडीचं चित्र होतं?"

"होतं. गावची बरीच मुलं 'होरी' म्हणाली. आमच्याकडच्या उत्तरात 'होडी' होतं. मग चूक दिलं."

बाईंनी खडू खाली ठेवला. "ज्या पोराचा बाप रोज होरी घेऊन खाडीत जातो, त्याला होडी ओळखता येत न्हाई, असं आपण छापलंय," त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी त्या आम्हाला खाडीकाठच्या दिवाळे गावात घेऊन गेल्या. बायका सुकट पसरत होत्या, पोरं भोवती खेळत होती. बाईंनी तीच चित्रं काढली. एका मुलीने होडी पाहिली आणि म्हणाली, "ही आमची होरी न्हाय. आमचीला इंजिन हाय." मग तिने चित्रातल्या होडीत काय काय चुकलंय ते सांगायला सुरुवात केली, ती काही केल्या थांबेना. परतताना बाई म्हणाल्या, "वसाहतीतली पोरं बालवाडीत जाऊन आलेली, ही न्हाईत. तेही निबंधात कुठं न्हाई. आता हे लिहायचं."

लिहिल्यावर त्या आधी सरांकडे गेल्या. मी बरोबर होते. सरांनी कागद वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"तू माझी विद्यार्थिनी आहेस."

"म्हणूनच पहिल्यांदा तुमच्याकडं आले, सर. तुम्ही स्वतः दुरुस्ती छापलीत तर मी हे फाडून टाकते."

"आणि नाही छापली तर?"

"तर मी माझ्या नावानं देईन."

"जूनमध्ये तुझ्या नेमणुकीचा निर्णय आहे, हे लक्षात आहे ना?"

"हाय, सर."

नियतकालिकाने बाईंचं लेखन परत पाठवलं. तेव्हा त्या आमच्या शाळेच्या पालकसभेत आल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे छापील संशोधन आहे." बाईंनी सगळ्यांसमोर चित्रं काढली आणि पहिल्या बाकावर बसलेल्या एका कोळणीच्या हातात होडीचं चित्र दिलं. "हे काय हाय?" ती म्हणाली, "होरी." बाई मुख्याध्यापकांकडे वळल्या. "तुमच्या संशोधनाप्रमाणं यांना भाषा येत न्हाई. यांना तसं तोंडावर सांगा, मग तुकडी वेगळी करा." ती कोळीण पदर खोचून उभी राहिली. तिच्यामागे आणखी बायका उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांनी तुकड्यांच्या याद्या मिटून खिशात ठेवल्या. वर्ग एकच राहिला आणि पुढेही एकच राहिला.

जूनमध्ये बाईंची नेमणूक झाली नाही. त्यांना कराडजवळच्या एका कॉलेजात काम मिळालं, पगार कमी. सामानाचा टेम्पो निघाला त्या सकाळी त्या मला म्हणाल्या, "चल, एकांकडं जाऊन यायचंय." आम्ही सरांच्या घरी गेलो. सरांनी दार उघडलं आणि बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं. त्यांच्या पत्नीने चहा केला. उठताना बाईंनी वाकून सरांना नमस्कार केला.

"आता तरी ते आक्षेप मागे घेतेस का?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"न्हाई, सर," बाई म्हणाल्या. "तपासायला तुम्हीच शिकवलंत. त्याचा नमस्कार करायला आले होते."

सरांनी हात उचलला. तो बाईंच्या डोक्यावर टेकला आणि बराच वेळ तिथेच राहिला.