हात बसतो तोवर

मधू दाबकेच्या सायकलचा किस्सा परवा मला बागेतल्या बाकावर एका अनोळखी गृहस्थांनी सांगितला. सायकल पुलावरून कशी उडाली, हे ते मलाच रंगवून सांगत होते. सायकल उडाली नव्हती. पण मी त्यांना अडवलं नाही. किस्से हजर असलेल्यांकडून गैरहजर असलेल्यांकडे जातात आणि तिथे त्यांना बढती मिळते. मला सबंध नोकरीत मिळाली नाही इतकी बढती त्या सायकलीला मिळालेली दिसते. तेव्हा ती आणखी वर चढायच्या आत, मी जे पाहिलं ते सांगून टाकतो.

आम्ही चौघे. मधू दाबके औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मोटर वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमध्ये तार गुंडाळायच्या खात्यात सुपरवायझर. गद्रे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्यात एकच मोठा दोष होता, ते नेहमी बरोबर असायचे. तिसरा मानपाड्याचा पाटील. त्याच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा रविवार जायचा. आणि चौथा मी. पाटील मला ‘कलेक्टर’ म्हणायचा. ठाण्याला कलेक्टर ज्या इमारतीत बसतात तिच्या जिन्याखाली माझं टेबल होतं, एवढाच काय तो संबंध!

मधूचा डावा पाय लहानपणच्या पोलिओने बारीक राहिलेला. तरी सगळीकडे सायकलनेच जायचा. एका पायाने रेटायचा, दुसरा नुसता पेडलबरोबर फिरायचा. सपाटीवर तो आमच्याही पुढे असायचा. अडत होतं ते रेल्वेवरच्या पुलाशी. पूर्वेहून पश्चिमेला जाताना पुलाच्या पायथ्याशी तो उतरायचा आणि सायकल हातात धरून लंगडत चढायचा.

“अरे, आम्हीही उतरतोच की,” मी एकदा म्हटलं.

“तुम्ही दमून उतरता,” मधू म्हणाला. “मी चढायच्या आधी उतरतो.”

 गद्रे सरांनी चक्क मान डोलावली; दुसरा कोणी बरोबर असणं ही त्यांच्याकडची दुर्मीळ गोष्ट.

मग एका पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा झिजलाय, दिवाळीनंतर सायकल बंद. मधू घरी आला, नलू वहिनींना म्हणाला, “दिवाळीपर्यंत वेळ आहे.” वहिनींना वाटलं, विश्रांतीला वेळ आहे. तो दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या भंगारवाल्याकडे गेला आणि मोटर घेऊन आला. त्याला तो पूल एकदा सीटवर बसून चढायचा होता. एकदाच.

*

मोटर दुधाच्या लोट्याएवढी. कुठल्याशा परदेशी यंत्राचं झाकण सरकवायची तिची मूळची नोकरी. पुढे गिअर जोडलेले, आणि ओतीव अंगावर उठावदार आकडे: 12 V. मधूने ती सीटच्या मागे बसवली आणि चेनने मागच्या चाकाला जोडली. हॅंडलवर दारावरच्या घंटीचं बटण. बटण दाबलं की मोटर सुरू, सोडलं की बंद.

बॅटरी पाटलाने दिली. पाटलांची थोडी जमीन नुकतीच विकली गेली होती आणि घरातल्या प्रत्येक भावाच्या नावाने एकेक मोटरसायकल आली होती. त्यातल्या एकीची बॅटरी शेडमध्ये आली.

मधू सीटवर बसला, बटण दाबलं. मोटर घुरघुरली आणि सायकल चालू लागली. आपोआप! एक माणूस पाय न हलवता सायकलवरून चाललाय, हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो. मला खरंच भरून आलं.

तेवढ्यात पाटलाची आई डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन मागून आली, सायकलला वळसा घालून पुढे गेली आणि घरात शिरली.

“आरं मधूशेट,” पाटील ओरडला, “आमची आय फुरं गेली!”

*

मधूच्या खात्यात तापमान मोजायची एक जुनी पद्धत होती. चालू मोटरवर तळहात ठेवायचा. हात ठेवून उभं राहता आलं तर मोटर ठीक. काढावासा वाटला तर मोटर बंद. याला ते म्हणत, ‘हात बसतो’ किंवा ‘हात बसत नाही’. कारखान्यात थर्मामीटर होता, पण तो साहेबांच्या कपाटात असायचा आणि साहेबांनाही हातच दाखवला जायचा.

ही पद्धत मधूने घरीही लागू केलेली. चहा, इस्त्री, टीव्हीची मागची बाजू, सगळ्यांवर हात. मुलगा एकदा सकाळी कण्हत म्हणाला, “बाबा, ताप आलाय.”

मधूने कपाळावर तळहात ठेवला, जरा वेळ डोळे मिटले.

“हात बसतोय. शाळेत जा!”

*

वेग वाढवायचा म्हणजे व्होल्टेज वाढवायचं. बारावरून चोवीस. पाटलाच्या दुसऱ्या भावाची बॅटरी आली. पुढे पुढे तर त्या घरात हिशेबच झाला. आमचं व्होल्टेज वाढलं की पाटलांचा एक भाऊ चालत जायचा.

गद्रे सरांनी खडूने शेडच्या पत्र्यावर आकडेमोड केली. “वेग वाढेल, तो प्रश्न नाही,” ते म्हणाले. “व्होल्टेज जास्त म्हणून मोटर मरत नाही. मोटर मरते ती उष्णतेने. चढावर ती करंट जास्त ओढेल, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. शिवाय तुझं ते बटण चिकटणार.”

बटण पहिल्याच संध्याकाळी चिकटलं. त्या दिवशी पाटलाच्या चुलतभावाची हळद होती. मांडव रस्त्यावरच घातलेला, बेंजो पार्टी जोरात, सगळं गाव पिवळं झालेलं. मधू एका टोकाने सायकलवरून मांडवात शिरला. ब्रेक करकचून दाबलेले, पण मोटर ऐकेना. नाचणाऱ्यांमधून वाट काढत तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, वळला आणि बाहेर खड्डा असल्यामुळे परत आत आला! तिसऱ्या फेरीला बेंजोवाल्यांनी चाल बदलून त्याच्यासाठी वेगळी धून धरली. शेवटी पाटलाने धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली.

आता मार बसणार, म्हणून मी पुढे झालो. पण नवऱ्याच्या मामाने मधूच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला आणि विचारलं, “पावणं, जेवून जानार ना?”

परत येताना मधू टोपी सावरत म्हणाला, “बाराला कोणी विचारत नव्हतं. चोवीसला मान आहे.”

*

चोवीस व्होल्टवर गिअरने दम सोडला. आतलं चाक नायलॉनचं. एका रविवारी मोटर नुसतीच किंचाळली आणि सायकल उभीच राहिली. मधूने घरी जाऊन गिअर उघडला. दुसऱ्या दिवशी केर काढताना वहिनींना पलंगाखाली पांढरे तुकडे सापडले.

“हे दात कुणाचे?” त्यांनी विचारलं.

“मोटरचे,” मधू म्हणाला.

“बरं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी केर भरला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना याहून विचित्र उत्तरं मिळालेली असणार.

वसाहतीतल्या ओळखीच्या टर्नरकडून गनमेटल या टणक मिश्रधातूचा गिअर करून घेतला. तो हातात घेऊन आम्ही सगळे खूश. गद्रे सर मात्र त्याच्या दातांवरून बोट फिरवत मान हलवत होते.

“काय झालं सर?”

“ते नायलॉनचे दात शहाणे होते,” सर म्हणाले. “स्वतः तुटून मोटर वाचवत होते. आता मध्ये कोणी नाही.”

*

पुलाचा पहिला प्रयत्न चोवीसवर झाला. रविवारची सकाळ. पायथ्याशी मधू उतरला नाही, हे बघूनच मी श्वास धरला. सायकल चढली. विजेचा पहिला खांब गेला, दुसरा गेला. मग आवाज जाड होत गेला. चाक हळू, आणखी हळू. मधू चांगल्या पायाने रेटत होता, सीटवरून उठत होता. चढाच्या अर्ध्यावर सायकल थांबली.

मागून एक टेंपोवाला हॉर्न देत म्हणाला, “ओ काका, ढकलायची तर साइडला ढकला ना!”

मधू उतरला.  सायकल धरून लंगडत वर गेला, वरून खाली गेला आणि पश्चिमेला जाऊन आमची वाट बघत उभा राहिला. आम्ही काय बोलावं याची जुळवाजुळव करत पोचलो.

“छत्तीस,” मधू म्हणाला.

“जळेल,” गद्रे सर म्हणाले.

पाटील म्हणाला, “धाकल्याचे गारीची बॅटरी हाय ना!”

*

छत्तीसवर मोटर जळाली. पुलावर नाही, अंगणातच. सर बरोबर होते, नेहमीप्रमाणे. निळसर धूर निघाला आणि शेडमध्ये तारेवरच्या जळक्या व्हार्निशचा वास भरला.

पण वाइंडिंग हा मधूचा धंदा होता. त्याने जळलेली तार सोलून काढली, जास्त उष्णता सोसणारी चांगली तार आणली आणि भिंग लावून स्वतः गुंडाळली.  केसासारखी तार त्याच्या बोटांतून अशी जायची, की हा माणूस कधी कुठे अडखळत असेल हे खरं वाटू नये.

गुंडाळून झाल्यावर आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजावं लागतं. कारखान्याची भट्टी साहेबांच्या परवानगीशिवाय मिळेना. वहिनी माहेरी गेल्या होत्या. घरात केकचा अॅल्युमिनियमचा ओव्हन होता.

दिवाळीच्या आधी वहिनींनी त्याच ओव्हनमध्ये नानकटाई केली. आम्ही फराळाला गेलो. एकेक तुकडा तोंडात घातला आणि तिघेही छताकडे बघू लागलो. वहिनी दारात उभ्या. गद्रे सर संथपणे चावत राहिले, घोट घेतला, दुसरी उचलली, तीही संपवली.

मग मधूकडे वळून हळूच म्हणाले, “व्हार्निश अजून ओलं आहे. आणखी एकदा भाज.”

*

रस्त्यात एकदा हवालदाराने अडवलं. तीन बॅटऱ्या, वायरी, घंटीचं बटण. त्याने सायकलला प्रदक्षिणा घातली.

“पेट्रोल कुठंय?”

“लागत नाही.”

“मग चालते कशी? बघू!” असं म्हणून तो स्वतःच बसला आणि नाक्यापर्यंत जाऊन आला. उतरला तेव्हा टोपी तिरकी झाली होती आणि चेहरा शाळकरी मुलासारखा. मग त्याला नोकरी आठवली.

“हे गुन्ह्यात बसतं का, मला साहेबांना विचारावं लागेल,” तो गंभीरपणे म्हणाला. “उद्या याच वेळी या. साहेबांना पण एक फेरी मारू द्या!”

*

दिवाळी झाली. डॉक्टरांची मुदत संपली. नंतरच्या रविवारी सकाळी आम्ही पुलाच्या पूर्वेला जमलो. पाटलांच्या घरातले तीन भाऊ त्या दिवशी घरी बसले होते.

गद्रे सरांनी शेवटचं बजावलं. “मधू, जिथे हात बसणार नाही तिथे बटण सोडायचं. एवढा चढ ती एका दमात काढेल असं गणित सांगत नाही. जळली तर आता नवी तार गुंडाळायला वेळ नाही.”

“माहीत आहे.”

“कबूल?”

“कबूल,” मधू म्हणाला. उजव्या अंगठ्याने बटण दाबलं, डावा हात मागे नेऊन तळहात मोटरवर ठेवला आणि निघाला.

आम्ही मागून चालत होतो, मग पळत. सायकल पहिला खांब सोडून गेली, दुसरा सोडून गेली. मागच्या वेळी जिथे थांबली होती ती जागाही गेली! मधूची पाठ ताठ, एक हात हॅंडलवर, एक मागे, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. पुलावरची माणसं बाजूला होऊन बघत होती. एक भाजीवाली टोपली खाली ठेवून उभी राहिली.

मग वास आला. व्हार्निशचा.

मोटरचा आवाज जाड झाला. माथा अजून दूर होता. “सोड बटण, मधू!” पाटील ओरडला. मधूने मागे पाहिलं नाही. हात तिथेच होता.

मी सरांकडे पाहिलं. ते धावायचे थांबले होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं आकडेमोड चाललीय. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

“आज माझं चुकू दे. एकदा चुकू दे रे.”

सायकल माथ्यावर पोचली, क्षणभर आभाळासमोर दिसली आणि पलीकडे उतरली.

आम्ही धापा टाकत पश्चिमेला पोचलो. मधू पायथ्याशी, चांगला पाय फुटपाथला टेकून, अजून सीटवरच बसलेला होता.

“उतर की आता!” मी म्हटलं.

“थांब. बसू दे जरा.”

गद्रे सरांनी पुढे होऊन मोटरला हात लावला आणि विस्तवाला लागावा तसा झटकन मागे घेतला. “अरे, इथे हात बसत नाही!”

“बसत होता,” मधू म्हणाला.

पाटलाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तळहात पुढे केला. “दे टाली, मधूशेट!”

मधूने उजवा हात पुढे केला.

“त्यो नाय. ज्या हातानं गारी चरवलीस, त्यो दे.”

 मधूने डावा हात खिशातून काढून उघडला. तळहात लालभडक सुजला होता आणि त्याच्या मधोमध, फोडांनी उठलेले, आरशात दिसावेत तसे उलटे आकडे होते. सरांनी चष्मा लावला, हात उजेडाकडे धरला आणि वाचले. बारा व्होल्ट.



मधूने हात सोडवून घेतला. सायकल पुलाकडे वळवली, उजवा अंगठा बटणावर ठेवला आणि तोच भाजलेला डावा हात परत मागे नेला.

“चला,” तो म्हणाला. “घर पूर्वेला आहे.”