माघारी आलेली वटी

ह्ये म्या आमच्या ह्यांस्नीबी सांगितलं न्हाई. ते गेलं, तरी न्हाई. आज तुमास्नी सांगते— ऐका नुसतं.

कृष्णामाय घाटाच्या पायरीला लागली की आमी बाया तिची वटी भरतो. खण-नारळ पाण्यात सोडायचा. त्या साली म्या सोडला, तर घाटाच्या कोपऱ्यापतूर गेला, गरागरा फिरला— अन् माज्याच पायाशी माघारी आला. मायनं वटी घेतली न्हाई. आमच्यात म्हंत्यात, मायनं वटी नाकारली की ती त्या घरातला जीव मागती. घरात सून गरवार. कुणी बघायच्या आत नारळ पदराखाली घातला.

फुडल्या उन्हाळ्यात सांगलीची एक शिकलेली पोरगी आली, मेघा. पुराचं पाणी गावात कसं घुसंल, ते कम्प्युटरवर मांडायची. समद्या पाण्यावर चौकोन पाडायची.

"आजी, पाणी सरळ असलं की मोठे चौकोन पुरतात. खळाळतं तिथं मशीन ते आपोआप बारीक करतं. पण तळात खड्डा आहे हे मशीनला सांगितलंच नाही, तर तिथला भोवरा त्याला दिसणार कसा? घाटाच्या कोपऱ्यावर पाणी मागं फिरतं का हो?"

नातू पाळण्यात व्हता. बोलले आसते, तर बायांनी त्येच्याकडंच बोट दाखिवलं आसतं. न्हाई?

"सरळ जातं बाई," म्हनले. "न्हेमीच."

तिनं लिवून घेतलं.

त्याच पावसाळ्यात पुरानं गाव येढलं. मेघाच्या नकाशावरनं होडीची वाट ठरली— घाटाच्या कोपऱ्यावरनं. पयल्या होडीत माजी शेजारीण हौसा बसली. जाता जाता वरडली, "आक्का, कोंबड्या मोजत बसू नगंस गं! मी पल्याड जाऊन च्या ठेवते, ये मागनं!"

तवा तरी बोलायचं व्हतं. होडी कोपऱ्याकडं वळली. म्या काय बघत व्हते? आवं, नारळ बघितलावता तशीच बघत व्हते.

होडी एकदा फिरली. मंग आडवी झाली. बाकीची पवून निघाली. हौसा न्हाई.

पाणी उतारल्यावर मेघा आली. माज्या उंबऱ्यावर बसून रडली. "आजी, माझंच काहीतरी चुकलं."

म्या तिच्या पाठीवरनं हात फिरिवला. अन् म्हनले, "व्हय बाई. तुजंच चुकलं."