स्टिअरिंग माझ्या हातात

मी पस्तीस वर्षं वसईतल्या शाळेत गणित शिकवलं. गाडीपेक्षा विमान कितीतरी सुरक्षित, हे फळ्यावर मांडून पोरांना पटवलं. स्वतः मात्र एकदाही विमानात चढलो नाही. कोणी टोकलंच तर म्हणायचो, "गाडीत स्टिअरिंग माझ्या हातात असतं. विमानात ज्याच्या हातात असतं त्याचं तोंड तरी बघितलंय का कधी?"

आमच्याकडे कुठे विमान पडलं की पंधरा दिवस मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तोच विषय. हायवेवर कोणी गेला तर ते आपल्याला कळतं कसं? ट्रॅफिक का तुंबलाय म्हणून चौकशी केली की. तरी विमानाने निघालेल्याच्या घरी रोझरीच्या प्रार्थनेला सगळी आळी जमते, आणि गाडीवाल्याला फाटकातूनच सांगतात, सावकाश जा हं.

तर बंगळुरूला मुलीच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, विमानाने या. दोन तासांत पोहोचाल."

"आणि पाचूबंदरचे सुके बोंबील? त्या वासाने पायलट खाली उतरेल!"

बायकोने कपाळावर हात मारला आणि बोंबील बांधायला घेतले.

पहिला मुक्काम कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी हुबळी सोडल्यावर मी दहीभात चांगला दोनदा घेतला. रस्ता सरळसोट, ऊन मरणाचं. बायकोने जपमाळ काढली. आमच्यात माळ दोघांनी म्हणायची, प्रार्थनेचा पहिला भाग एकाने, उरलेला दुसऱ्याने. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून ती म्हणत होती आणि मी उत्तर देत होतो. तोच सूर, तोच ठेका. दहा झाल्या की पुन्हा दहा. पोटात दहीभात असलेल्या माणसाला आणखी काय लागतं?

मध्येच कुठेतरी माझं उत्तर आलं नाही. ती थांबली, माझ्याकडे वळली आणि अशी किंचाळली की माझे डोळे खाडकन उघडले. गाडी कडेच्या खडीत शिरली होती आणि समोर उभा ट्रक. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं म्हणा! ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, तेव्हा ट्रकपासून चार पावलांवर गाडी थांबली.

"मुलीला सांगू नकोस," मी म्हटलं. उरलेली माळ तिने एकटीनेच पुरी केली.

बाप्तिस्मा छान झाला. जेवताना जावयाने विचारलं, प्रवास कसा झाला. "एकदम मस्त," मी म्हटलं, "विमानवाल्यांना काय कळणार त्यातली मजा!" बायको खाली मान घालून भात कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "पप्पा, महिनाभर वसईला येते. विमानात बाळाचे कान दुखतात म्हणे. तुमच्याच गाडीने येऊ का? तुमच्यासारखं सांभाळून कोण चालवतं!"

बाळ माझ्या मांडीवर होतं, माझं बोट मुठीत धरून. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी बोललो नसतो तर ती बोलली असती, हे मला स्पष्ट दिसलं. लाज वाटली मला. भर वर्गात फळ्यावर गणित चुकलं तेव्हाही अशी वाटली नव्हती.

"नको," मी म्हटलं. "येताना मला गाडी चालवताना झोप लागली होती." आणि खडी, ट्रक, सगळं सांगून टाकलं.

मुलगी पांढरीफटक पडली. आता माझी खैर नाही म्हणून मी मान खाली घातली. पण ती आईकडे वळली.

"मम्मी, आणि तू परत ह्याच गाडीत बसणार होतीस?"

"मग?" बायको म्हणाली. "ह्यांना एकटं सोडू?"

मला रडूच आलं. डोळे पुसून मुलीला म्हटलं, "गाडी राहू दे इथेच. आमचीही विमानाची दोन तिकिटं काढ."