सुट्टीतला माईक

भाच्याच्या लग्नाहून परत आलो. सगळा वेळ मागच्या खुर्चीत बसलो होतो, तरी सदरा झटकला तर खिशातून कुंकू लावलेले चार तांदूळ पडले.

नोकरीत असताना मे महिन्यात असे तांदूळ रोज निघायचे. आवाज बरा, त्यामुळं शाळेला सुट्टी लागली की सिरसाळ्याच्या आसपासचे लोक मंगलाष्टकं म्हणायला मलाच बोलवायचे. डोक्याला फेटा, हातात माईक. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

अशाच एका दुपारी मांडवाचं कापड तापलेलं होतं. बोलावणं नवरदेवाकडून होतं, पत्रिका मी नीट वाचलीही नव्हती. शेवटचं कडवं मी चांगलं लांबवलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, आंतरपाट खाली आला, आणि तेव्हा कुठं मी नवरीकडं पाहिलं. माझ्या आठवीच्या वर्गातली सविता. दुसऱ्या बाकावर बसायची.

"गुरुजी, आवाज लई गोड हाय तुमचा," नवरदेवाचे वडील टॉवेल-टोपी देत म्हणाले. मी हसलो.

मग जोडी पाया पडायला आली. उठताना सवितानं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि हळूच विचारलं, "सर, शाळा कवा उघडनार हाय?"

ती तारीख विचारत नव्हती, हे आज कळतं. त्या दिवशी मी आधी माईक बंद आहे ना ते पाहिलं. मग तारीख सांगितली, आणि सवयीनं वर म्हणालो, "पहिल्याच दिवशी खाडा करू नको."