फळ्यावरची न पुसली जाणारी ओळ

मुलाखतीला जाताना मी घरचा मार्कर खिशात घालून नेला, आणि तो न पुसला जाणारा निघाला. बायको फ्रीजमधल्या डब्यांवर नावं घालते ना, तो. कंपनीतला मार्कर ऐनवेळी सुकलेला असला तर काय घ्या, या धास्तीनं केलेली ही हुशारी. नोकरी गेल्यापासून मला अशा हुशाऱ्या फार सुचतात.

पांढऱ्या फळ्यावर प्रोग्रॅम लिहून दाखवायचा होता. मुलाखत घेणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. तिनं वाचलं आणि हळूच विचारलं, "सर, हा थांबणार कुठे?"

खरंच, कुठे थांबायचं ते लिहायचंच राहिलं होतं; माझा प्रोग्रॅम थांबतच नव्हता. मी घाईनं डस्टर फिरवला. अक्षरं ढिम्म. मग रुमाल घासला. रुमाल तेवढा काळा झाला.

आजवर कमी का चुका केल्या? पण त्या सगळ्या पडद्यावर. एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती! त्या बटणाच्या जिवावर मी स्वतःला अनुभवी म्हणवत आलो. आता माझी चूक माझ्याच अक्षरात, चांगली हातभर लांब, समोर उभी होती. आणि घरी सगळे फोनकडे डोळे लावून बसलेले. मी आणखी जोरात घासत राहिलो.

"राहू द्या, सर," शेवटी ती म्हणाली. "तुमचं इथं काय होईल ते सांगता येत नाही, पण हे आता इथून जात नाही."