विचारू नका, नाव सांगा

“हा डेलिरियम आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी त्यांना विचारलं, “म्हणजे आई वेडी झाली का?”

वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात, आयसीयूच्या दाराबाहेर उभा राहून मी हे विचारलं. आत माझी आई, पंचफुलाबाई, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत होती आणि सिस्टरला बजावत होती की लेकरांचे हात धुतल्याशिवाय खिचडी वाढू नको. आईने शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात जन्मभर अंगणवाडी चालवली. निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती.

मॅडम घाईत होत्या तरी थांबल्या. वेड नाही, म्हणाल्या. मोठ्या आजारात मेंदू काही काळ गोंधळतो, त्याला डेलिरियम म्हणतात. आयसीयूतल्या वयस्क माणसांत हे नेहमी दिसतं. विसरण्याचा आजार हळूहळू वाढत जातो. हा अचानक येतो, एकाच दिवसात कमी-जास्त होतो, आणि मूळ दुखणं आटोक्यात आलं की बहुतेकांचा जातो.

‘बहुतेकांचा’ हा शब्द माझ्या कानात अडकला. माझं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवायंडिंगचं दुकान आहे. बंद पडलेली मोटार आली की ती जळाली की नुसतं व्होल्टेज कमी पडलं, हे मी आधी पाहतो. आईचंही मला तेवढंच कळायला हवं होतं, आणि ते कोणी छातीठोक सांगत नव्हतं.

सुरुवात अगदी साधी होती. आईला लघवीला जळजळ होत होती, पण ते मुलाला काय सांगायचं म्हणून ती गप्प राहिली. मग थंडी वाजून ताप आला. गोळीने उतरला, पुन्हा आला. एका सकाळी तिने चहात हळद टाकली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. दुपारी तिला खाटेवरून उठता येईना, आणि आमचं हसू जागच्या जागी विरलं. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर निजवून तिला वाशीमला आणलं. तिला साखर आहे, त्यात लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. याला सेप्सिस म्हणतात. म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःचंच नुकसान करू लागतं. तिचा बीपी इतका खाली गेला होता की तो टिकवायला एका छोट्या पंपातून सतत औषध चालू ठेवावं लागलं. मानेजवळ नळी, हाताला सलाईन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. एवढ्या वायरी मी दुकानात रोज पाहतो, पण आईला लावलेल्या वायरींकडे मला बघवेना.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पेशंट मोठ्या दवाखान्यात आहे म्हटलं की गावातून जीप भरून माणसं येतात. माया असते म्हणूनच येतात. आयसीयूत एकेकाला सोडत. प्रत्येक जण पलंगाशी वाकून एकच प्रश्न विचारी.

“पंचफुला, वळखलं का मले? सांग बरं मी कोन?”

ज्याला आईने ओळखलं तो बाहेर येऊन निवडणूक जिंकल्यासारखा सांगे, “मले वळखलं!” आमच्या भावकीतला एक लांबचा काका हे चहाच्या टपरीवरही सांगून आला. ज्याला ओळखलं नाही, तो पदर नाहीतर रुमाल डोळ्यांना लावी. आईची सख्खी धाकटी बहीण, माझी सुमनमावशी, तर दारातच बसली. “लांबच्याले वळखते अन् मले नाई,” म्हणून तिचं रडं थांबेना.

मीही तेच विचारलं होतं. “आई, मी कोण?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मास्कच्या आतून, अदबीने म्हणाली, “साहेब, लेकरायचं वजन व्हाचं हाय अजून. तुमी बसा.”

माझी आई मला ‘तुमी’ म्हणाली. मला चपराक बसली असती तरी चाललं असतं. ती मरेल ही भीती होतीच, पण त्या दिवसापासून दुसरी भीती बसली: ती वाचेल, आणि मी तिच्यासाठी कायमचा अंगणवाडी तपासायला आलेला कोणीतरी साहेबच राहीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेलो तर तिचे दोन्ही हात मऊ पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. मी सिस्टरवर ओरडलो. माझा राग नाकावरच असतो. सिस्टर शांतपणे म्हणाली, “दादा, मानेची नळी उपटली असती. मॅडमशी बोला.”

मॅडमनी सरळ सांगितलं. मास्क काढला की तिचा ऑक्सिजन उतरतो. असंच चाललं तर शांत ठेवणारं औषध द्यावं लागेल. त्या औषधाने श्वास मंदावू शकतो, आणि मग व्हेंटिलेटर, म्हणजे घशात नळी घालून मशीनने श्वास द्यायची वेळ येऊ शकते. “मला ते टाळायचंय,” त्या म्हणाल्या. “त्यात मला तुमची मदत लागेल. भेटायला येणारे आत जाऊन काय बोलतात?”

मी सांगितलं.

“तेच,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक जण त्यांची परीक्षा घेतोय. उत्तर येत नाही, चेहरे पडतात, हे त्यांना दिसतं. त्या घाबरतात आणि हाताला येईल ते ओढतात. माणसं भेटून गेल्यावरच त्या जास्त बिथरतात, हे आम्ही पाहतोय. विचारू नका, सांगा. मी कोण, तू कुठे आहेस, आज वार कोणता, तुला काय झालंय. सावकाश, रोज. आणि चष्मा लावतात ना त्या? कुठे आहे?”

चष्मा माझ्या बायकोच्या पिशवीत, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला होता. हरवू नये म्हणून.

दुपारी मी दाराशी उभा राहिलो. माणसं कमी करायला मॅडमनी सांगितलं होतं, आणि आत जाईल त्याने आधी आपलं नाव सांगायचं, प्रश्न विचारायचा नाही. मामा बिघडलेच. “सख्ख्या बहिनीले काय आता नाव सांगून भेटाव का? मी का इमा काढनारा एजंट हाय?”

“मामा, तिले भेव वाटते,” मी म्हटलं. “ती आपल्याले नाई, सवालाले भेते.”

मामा फुगले आणि न भेटताच चहाला गेले. सुमनमावशी मात्र डोळे पुसून आत गेली. आईच्या डोळ्यांवर चष्मा ठेवला, हात हातात घेतला. “मी सुमन. तुही लहानी बहीन. तू दवाखान्यात हाय, तुले ताप आला होता. आज बुधवार हाय. तू काई बोलू नोको, मी बसून राह्यतो.”  त्या वेळी आईने मास्कला हातही लावला नाही.

एवढ्याने जादू झाली असं नाही. संध्याकाळी पुन्हा गोंधळ व्हायचा. छताच्या कोपऱ्यात तिला मुंग्या दिसत. मी रोज जाऊन म्हणायचो, “मी मिलिंद, तुहा पोरगा. तू वाशीमच्या दवाखान्यात हाय.” ती कधी मान हलवी, कधी मला पुन्हा साहेब म्हणे. मी नाव सांगत राहिलो. हातांच्या पट्ट्या सुटल्या. इन्फेक्शन उतरलं, बीपीचं औषध थेंबाथेंबाने कमी होत बंद झालं, आणि व्हेंटिलेटर लागला नाही. तिला साध्या वॉर्डात हलवलं, तेव्हा खिडकीतून उन्हाकडे पाहत ती म्हणाली, “मिलिंद, दुकान बंद ठेवलं का रे तू?” मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो. मामा तिथेच होते. ते आत गेले आणि दारातूनच म्हणाले, “मी तुहा भाऊ आलो वं, पंचफुला.” आई म्हणाली, “दिसते मले.”

तुमच्या घरी ही वेळ येऊ नये. आलीच तर चष्मा, कानाचं मशीन, दातांची कवळी पेशंटजवळ ठेवायची का, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. भांडल्यासारखं बोलणाऱ्या, शिव्या देणाऱ्या आपल्या माणसाचं मनावर घेऊ नका. तो आजार बोलतो. मी ज्या सिस्टरवर ओरडलो तिनेच आईची वेणी घालून दिली होती. तिचे आणि मॅडमचे उपकार माझ्यावर आहेत.

आई आता घरी आहे. पूर्वीपेक्षा हळू चालते, आणि ते दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. परवा ओट्यावर दोघंच बसलो होतो. मी धीर करून विचारलं, “आई, मी रोज यायचो तेव्हा तू मला ओळखत होतीस का?”

“नाई रे,” ती म्हणाली. “खोटं कायले सांगू.”

“मग माझा हात कशी धरून बसायचीस?”

“तू म्हने, मी तुहा पोरगा. म्या म्हटलं, रोज येऊन सांगते बिचारा, त असन.”