आसूढाळ घोडीचं घर

आमच्या घोडीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. बंद्या रुपयाएवढासुद्धा नव्हता, पण हुमनाबाद-भालकीच्या पट्ट्यात लोक तो कपाळावरच्या झुलपांआडूनही शोधून काढायचे. अशा भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर ज्याच्या दावणीला, त्याच्या घरात डोळ्यांचं पाणी खळत नाही, असा समज. आमच्याकडं घोडं बघायला आलेला माणूस आधी दात बघत नाही, पाय बघत नाही, आधी भोवरे बघतो. पोरीच्या सोयरिकीला करत नाहीत एवढी चौकशी घोड्याच्या केसांची करतात.

मी लग्न होऊन आले त्याच्या थोडंच आधी घोडी या घरात आली होती. पोलीस ॲक्शननंतर जहागिऱ्या गेल्या आणि शेजारगावचे एक जहागीरदार बिऱ्हाड आवरून हैदराबादला निघाले. त्यांच्या पागेतली बाकी घोडी हातोहात गेली, भोवऱ्यापायी ही एकटी मागं राहिली. माझे सासरे कापडाचे व्यापारी. रोज वेगळ्या गावचा बाजार. गठ्ठे बैलगाडीतून पुढं जायचे, मागून मामंजी. त्यांनी तिला घरी आणलं. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असताना शकुन कशाला बघायचा, असं मामंजींचं म्हणणं. गळ्यात इष्टलिंग सासूबाईंच्याही होतं, पण त्या मांजर आडवं गेलं तरी परत फिरून पाणी पिऊन निघायच्या. दोघांचा संसार मात्र सुखाचा झाला.

घोडी रहवाल चालीची होती. दुडक्या चालीच्या घोड्यावर माणूस सुपातल्या ज्वारीसारखा उडतो. रहवाल घोडं एकेक पाय वेगळा टाकतं, झपझप टाकतं, पण त्याची पाठ हलत नाही. बाजारातून परतताना कुणी ताकाचा गडू पुढं केला तर मामंजी घोडी न थांबवता तो हातात घेत आणि पीत पीत घरी येत. धोतरावर थेंब नसे. घोडीला ते अक्का म्हणत. मला ते पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. पुढं मीही तिला अक्काच म्हणायला लागले, त्याला कारण घडलं.

माझ्या पहिल्या वेळी सातव्या महिन्यातच पोटात दुखायला लागलं. दुपारची वेळ, ज्वारीची काढणी चाललेली. बाज उचलून न्यायला चार गडी लागतात, ते सगळे शिवारात. नवरा भालकीच्या शाळेत मास्तर, तो तिकडं. बैलगाडी जुंपली तर चाकोरीच्या खड्ड्यांनीच माझी वाट लागली असती. मामंजी आत गेले, खोगिरावर दुहेरी वाकळ टाकली आणि सासूबाईंना म्हणाले, "सुनंला बसीव."

सुनेला सासऱ्याचा हात लागायचा नाही ही आमची रीत. त्यामुळं मला धरून ते मागं बसू शकत नव्हते. त्यांनी धोतर वर खोचलं, लगाम धरला आणि पुढं पळायला लागले. बाजारपेठेत ज्यांच्याशी सगळे वाकून बोलायचे ते माझे सासरे हुमनाबादच्या वाटेनं धापा टाकत पळत होते, आणि मी वर वाकळेवर, पाळण्यात बसावं तशी. डोळे मिटून घेतले तेव्हा घोडी चालतेय की उभी आहे तेच कळेना. दवाखान्यातल्या दाईबीनं मला उतरवून घेतलं. कळा थांबल्या, पोर त्या दिवशी पोटातच राहिलं. महिनाभर तिनं मला खाटेवरून हलू दिलं नाही, आणि मग थोरला झाला, रडका पण धडधाकट. आज तो घरात आवाज चढवून बोलतो तेव्हा मला त्या घोडीची आठवण येते आणि मी त्याला बोलू देते.

दाईबी सरकारी दाई होती. पन्नाशीची, उंच, पांढऱ्या साडीतली. पोलीस ॲक्शनच्या त्या गडबडीच्या साली तिचा नवरा आणि धाकटा भाऊ गेले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुणी विचारत नसे, ती सांगत नसे. आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या बाळंतिणींकडं मात्र ती जात होती, कुणाचं घर कुठल्या जातीचं ते न बघता.

दोनेक वर्षं गेली. आमच्या गावाजवळून सडक गेली, मोटार सुरू झाली. मामंजी घोडीवरून जन्मात कधी पडले नाहीत, पडले ते आमच्याच घराच्या पायरीवरून. खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण पाय आखडला. आता खोगिरावर टांग टाकणं व्हायचं नाही. नवऱ्याची सायकल होती आणि घोडीजवळ जायचीसुद्धा त्याला भीती वाटायची. शेजारपाजारी म्हणायला लागले, बघा, आसूढाळीनं दावा साधला. सासूबाई घोडीला रोज सकाळी मूठभर कोंडा घालायच्या, तो त्यांनी बंद केला.

मग घोडीसाठी दुसरं घर बघणं सुरू झालं. पहिला आला हुमनाबादचा टांगेवाला. माणूस चांगला, घोड्यांना जपणारा. भोवऱ्याचं सांगितल्यावर तो हसला. "झापड बांधली की भोवरा दिसतोय कुणाला, अप्पा?" पण टांग्याला जुंपलेल्या घोड्याला दुडकी धरावीच लागते, आणि एकदा दुडकी लागली की रहवाल चाल मोडली ती मोडलीच. मामंजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसरा आला वरातीच्या बाजेवाल्यांपैकी. त्याला घोडी ताशावर नाचवायची होती. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

तिसरा भालकीकडच्या मेहकरचा बडा शेतकरी. चालीची कीर्ती ऐकून आलेला, भोवरे न बघताच घोडीवर बसला, वेशीपर्यंत जाऊन आला आणि उतरताना नव्या नवरीसारखा लाजत हसत होता. असं सुख त्याच्या पाठीला कधी मिळालं नव्हतं. सगळं जमल्यात जमा होतं. तेवढ्यात मामंजींनी घोडीची झुलपं बाजूला केली आणि स्वतःच्या बोटानं भोवरा दाखवला. पाहुण्याचं हसू तिथंच वाळलं. बायकोला विचारतो म्हणाला आणि चपला घालून गेला तो गेलाच.

त्या दिवशी नवऱ्याचा तोल गेला. "अप्पा, तुमचा इस्वास न्हाई भोवऱ्यावर, मग दावायलाव कामून?"

मामंजी शांतपणे म्हणाले, "माजा न्हाई रे, त्येंचा हाय की. उद्या त्येंच्या घरी म्हस आटली, पोराला ताप आला, तर काठी कुणाच्या पाठीत बसंल? माज्या अक्काच्या. ज्येला भोवरा दिसून बी भ्या वाटत न्हाई, त्येच्याच घरी ती जाईल."

"असा मानूस न्हाई घावायचा."

"मग ऱ्हाईल हितंच."

पण इथं राहून तिचे हाल होत होते. दावणीला उभी राहून तिचे पाय सुजायला लागले होते. मामंजी काठी टेकत तिच्याजवळ जात, दाव्याला धरून नुसते उभे राहत. मला ते बघवत नसे. माझं पोर तिनं जपून नेलं होतं, आणि तिच्यासाठी मला काही सुचत नव्हतं, याचा मला फार राग यायचा. स्वतःचा, सगळ्या भोवरे बघणाऱ्यांचा, आणि कोंडा बंद करणाऱ्या सासूबाईंचाही.

सुगी संपता संपता दाईबी आमच्या गावी कुणाची तरी खबर घ्यायला आली. मोटारीनं सडकेवर सोडलं, तिथून पायी. आमच्या ओसरीवर बसली तेव्हा दोन्ही गुडघे दाबत होती. आता सडकेवरची गावंच तिला जमायची. आतली गावं बोलावतात, म्हणाली, पण बैलगाडीत बसलं की पाठ जाते आणि पिशवीतल्या औषधाच्या शिशा फुटतात.

मी दाराआड उभी होते. सासऱ्यांसमोर कधी आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. म्हटलं, "दाईबी, आमची अक्का तुम्ही न्या."

दाईबी हसली. "मैं घोडी पर? लोगां हसते, बेटी."

"हसू द्या. मी बसले होते, तेव्हा कुणी हसलं न्हाई."

मामंजी उठले. मला वाटलं रागावले. ते काठी टेकत घोडीपाशी गेले आणि नेहमीसारखी झुलपं बाजूला केली. "ह्ये बघून घ्या. आसूढाळ हाय. मालकाला रडविती म्हंतेत."

दाईबी जवळ गेली. तिनं भोवऱ्यावर अंगठा ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणाली, "मेरे आंसू तो कब के ढल गए, अप्पा. अब इसकू मेरे पास क्या मिलता?"

मामंजींनी मान खाली घातली. त्यांनी गड्याला हाक मारून खोगीर चढवायला लावलं. सासूबाईंनी दाईबीला पाटावरून वर चढवलं, तिनं शिशांची पिशवी मांडीवर घेतली, आणि घोडी अंगणातून वेशीपर्यंत जाऊन परत आली. सगळी बायामाणसं कान देऊन ऐकत होती. एक शिशी दुसरीला लागली नाही.

जनावर घरातून जाताना त्याचं दावं द्यायचं नाही, ते मालकानं ठेवून घ्यायचं, म्हणजे गोठा रिकामा होत नाही, अशी आमच्याकडची रीत. शकुन न मानणाऱ्या मामंजींनी ही एक रीत मात्र पाळली. खोगीर दिलं, लगाम दिला, दर सुगीला कडब्याची गाडी पाठवायचा शब्द दिला. दावं सोडून घेतलं आणि खुंट्याला तसंच गुंडाळून ठेवलं. लोक हसले ते चार दिवस. पुढं आतल्या आतल्या गावांतून बायका सांगायला लागल्या की दाईबी घोडीवरून येते आणि वेळेत येते.

धाकटीच्या वेळी मी घरीच होते. उजाडलं होतं, कळा थांबून थांबून येत होत्या, आणि मला वाटायला लागलं होतं की या वेळी काही मी उठत नाही. सासूबाई माझी कंबर धरून बसल्या होत्या. तेवढ्यात वेशीकडून टापा ऐकू आल्या. चारी पायांच्या वेगवेगळ्या, झपझप, मध्ये कुठं खंड नाही. अख्ख्या मुलुखात तशी चाल एकच होती.

पोरगी झाली. दाईबीनं तिला पुसून माझ्याजवळ ठेवली आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना.

सासूबाई म्हणाल्या, "रडायलीस कामून गं? पोरगी झाली म्हून?"

"न्हाई. अक्का आली म्हून."

दार उघडं होतं, मला अंगण दिसत होतं. घोडी कुणी न सांगता आपल्या जुन्या खुंट्यापाशी जाऊन उभी होती आणि मामंजी काठी बगलेत धरून तेच जुनं दावं तिच्या गळ्यात घालत होते. सासूबाई उठल्या, पाटीत कोंडा घेतला, वर गुळाचा खडा ठेवला आणि बाहेर गेल्या. घोडीनं खायला मान खाली घातली तेव्हा त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि तिच्या डाव्या डोळ्याखालचा तो भोवरा हलक्या हातानं पुसला.